शांत आंटी

गावानं मला निरोप दिला तेव्हा मी भाषण केलं होतं. ते भाषण मला अजून शब्दन् शब्द आठवतं. भांडी घासताना किंवा कपडे वाळत घालताना त्यातलं एखादं वाक्य मध्येच मनात येतं आणि आजूबाजूला कोणी नसलं तरी माझी मान खाली जाते.

घोलवडला आमची चिकूची वाडी आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून पॅकिंगची शेड मीच सांभाळली. रानशेतकडून फळं निवडायला बायका यायच्या, त्यांच्याशी मी त्यांच्या बोलीत बोलायची. ट्रकवाल्यांशी आणि सुरतेच्या व्यापाऱ्यांशी गुजरातीत, स्टेशनवरच्या पार्सलवाल्यांशी मराठीत. सकाळी शेडचं दार उघडलं की माझं तोंड सुरू व्हायचं ते शेवटचं खोकं ट्रकवर चढेपर्यंत. मी गप्प बसले तर बायका विचारायच्या, बरं नाही का.

आमचे हे अगदी उलट. हे कलमं बांधायचे, झाडांत असायचे, आणि जेवायला हाक मारली तर 'आलो' म्हणायचे. त्यापलीकडे काही ऐकायचं असेल तर वाट बघावी लागे. पाहुणे ह्यांना काही विचारायचे आणि उत्तरासाठी माझ्याकडे बघायचे.

मुलगा मीरा रोडला राहतो. सून मंगळूरची, दोघं एकाच ऑफिसात होती. त्यांच्याकडे मी दोनदा चार-चार दिवस राहून आले आणि मला त्या जागेनं वेड लावलं. एका लिफ्टमध्ये बुरखेवाली बाई, जीन्सवाली मुलगी, कपाळाला भस्म लावलेले मद्रासी आजोबा आणि गळ्यात क्रूस घातलेली नर्स, सगळी आपापल्या मजल्याची बटणं दाबून उभी. परत आल्यावर महिला मंडळात मी त्या लिफ्टचीच गोष्ट सांगत राहिले. आपल्या आळीत कुणी कुठली डाळ शिजवली ते पण सगळ्यांना कळतं, असं मी म्हणायची. बायका ऐकून घ्यायच्या.

मग मुलाच्या शेजारची जागा रिकामी झाली. मालकाला ती विकायची होती, पण घाई नव्हती. मुलानं सुचवलं की आम्ही आधी भाड्यानं राहून बघावं, आवडलं तर दिवाळीत ठरवावं. वाडी तशीही पुतण्याच बघत होता आणि त्याचं कुटुंब मागच्या दोन खोल्यांत दाटीनं राहत होतं. मी पुतणसुनेला बोलावून किल्ली हातात दिली आणि म्हटलं, पुढचं घर आता तुझंच समज. पाया पडली बिचारी.

बघायला म्हणून जायचं होतं खरं, पण मी सगळ्यांना कायमचं जातेय असं सांगितलं. मंडळानं देवळाच्या सभागृहात कार्यक्रम ठेवला, साडी दिली, ओटी भरली. आणि मी उठून बोलले.

"आपण इथं तेच जेवतो, तेच बोलतो, तीच तोंडं बघतो. तिकडे एका जिन्यात सगळा देश राहतो. ज्याला माणसांची आवड आहे, त्यानं अशाच ठिकाणी राहावं."

पुढच्या रांगेतली एक म्हातारी बाई हसत म्हणाली, "मग आम्ही कोण ग?" सगळ्या हसल्या. मीही हसले आणि पुढे बोलत राहिले. शेवटी म्हटलं, मला काही नाही, ह्यांचं तिकडे कसं होणार याचीच चिंता आहे. त्यावर तर सभागृह खदखदून हसलं. हे मागे दाराजवळ बसले होते. ते पंख्याकडे बघत होते.

जागा छान होती. सातवा मजला, खिडकीतून लांबवर खाडीचा तुकडा दिसायचा. सून सकाळी कामावर जाताना दारात डोकावून तिच्या मोडक्या मराठीत काय हवं-नको विचारायची. समोरच्या दारात गोरखपूरकडचं एक कुटुंब होतं. त्यातले म्हातारे चाचा, सगळा जन्म बेकरीत गेलेला, त्यांनी पहिल्याच दिवशी नानकटाई आणून दिली. शहरानं आमच्याशी काही वाईट केलं नाही, हे मला आधीच सांगायला हवं. गाऱ्हाणं करायला काहीतरी मिळालं असतं तर मला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी इमारतीखाली बाकांवर बायका जमायच्या. केरळची एक, बंगालची एक, दोन पंजाबी, एक मारवाडी सासू, अजून कितीतरी. मी चांगली साडी नेसून, वाडीतले चिकू पिशवीत घेऊन गेले. त्यांनी सरकून जागा दिली, चिकू खाल्ले, तोंडभर कौतुक केलं. मला वाटलं, झालं, आपली शेड इथंही सुरू झाली.

त्या दिवशी मी माझी हुकमी गोष्ट काढली. आमच्याकडे नवीनच धंद्यात पडलेला सुरतेचा एक व्यापारी आला होता. भाव पाडून मागत होता. बोलता बोलता त्यानं शेडमधला कच्चा चिकू उचलून चावला आणि त्याचा चीक ओठांना असा बसला की दुपारभर त्याला तोंड धड उघडता येईना. भाव मी सांगितला तो त्याला मान हलवून कबूल करावा लागला. ही गोष्ट मी हजार वेळा सांगितली असेल, आणि कधी कोणी हसलं नाही असं झालं नव्हतं.

मी हिंदीत सुरुवात केली. चिकूपर्यंत आले. मग चीक. चिकाला हिंदीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. मी तसंच रेटलं, उसको चीक लग गया, पूरा मुँह पे चीक. बायकांचे चेहरे गंभीर झाले. केरळच्या बाईनं माझ्या हातावर हात ठेवला. त्यांनी 'चीख' ऐकलं होतं. कोणीतरी किंचाळत होतं, असं त्यांना वाटलं.

"फिर? हॉस्पिटल ले गए?" तिनं विचारलं.

मी समजावायला गेले तर गुजराती शब्द तोंडात आले, मग मराठी. मारवाडी सासूला थोडं कळलं असावं, ती काहीतरी सांगायला लागली, पण तेही वेगळंच. सगळ्या माझ्याकडे इतक्या मायेनं बघत होत्या की मला ते सहन होईना.

"ठीक हो गया वो," मी म्हटलं. "अभी ठीक है।"

सगळ्यांना हायसं वाटलं. विषय दुसरीकडे गेला. मी घरी येऊन दिवा न लावता पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले. पण तोंड उघडायच्या आधी मी वाक्य मनात जुळवायची, आणि ते जुळेपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असायचं. त्या हिंदीत इंग्रजी मिसळून भरभर बोलत, एकमेकींच्या चुका काढत, हसत. मला सगळं कळायचं. मी मान डोलवायची, हसायची, चिकू वाटायची. जन्मात कधी कुणाचं इतकं ऐकून घेतलं नव्हतं.

आणि हे? ह्यांना चाचा रोज सकाळी फिरायला घेऊन जायचे. दोघं खाडीपर्यंत जाऊन यायचे, आणि मी विचारलं काय बोललात, तर म्हणायचे, काही नाही. दुपारी क्लबहाऊसमध्ये कॅरम. तिथं बंगाली बाबू, एक तामीळ गृहस्थ, चाचा आणि हे. सोंगटी पडली की चौघं 'वाह' म्हणायचे. तेवढ्यावर दुपार निघायची. कुणाला ह्यांच्या गप्प राहण्याचं काही वाटत नव्हतं. घोलवडला चाळीस वर्षांत ह्यांना मित्र असा नव्हता. इथं बंगाली बाबू मासे घ्यायला जाताना खालून ह्यांना हाक मारायचे, आणि हे पिशवी घेऊन पळत जायचे. मी गॅलरीतून बघत राहायची. मला ह्यांचा हेवा वाटायचा. स्वतःच्या नवऱ्याचा, तोही मासे आणायला जाण्यावरून. हे कुणाला सांगणार.

एक दिवस हे कॅरमवरून आले ते हसतच.

"खाली तुला काय म्हणतात माहितेय? सातव्या मजल्यावरची शांत आंटी. बाबूची बायको म्हणत होती, आंटी बहुत शांत हैं, बहुत अच्छी हैं।"

ह्यांना ते कौतुक वाटलं होतं. मला आनंद व्हावा म्हणूनच सांगितलं. मी बरं म्हटलं, बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

मुलाच्या लक्षात आलं होतं. तो एकदा म्हणाला, आई, तू बिनधास्त बोलत जा, कोणी हसणार नाही. पहिलीत जायला रडणाऱ्या मुलाला मी याच आवाजात समजावलं होतं. मी त्याच्यावर चिडले. माझं मला कळतं, म्हणाले. सून ताट घेऊन आत निघून गेली.

नवरात्र संपलं तशी मालकानं विचारणा केली. मुलानं जेवताना विषय काढला. हे म्हणाले, "मला चालेल." आणि लगेच पुढे, "चांगलंच चालेल." ह्यांनी आपणहून दुसरं वाक्य बोलावं, हे किती मोठं होतं ते त्या टेबलावर मला एकटीलाच कळत होतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ही जागा माझीच हौस होती. मी म्हटलं, बघू.

दोन दिवसांनी मी सांगितलं की तलासरीच्या माझ्या थोरल्या ताईचा गुडघा फारच दुखतोय, मला जायला हवं. ताईचा गुडघा खरंच दुखतो, पण तो कितीतरी वर्षांपासून. मुलगा म्हणाला गाडीनं जा, घोलवडला उतरून तिथून रिक्षा कर. मी नको म्हटलं. घोलवडच्या फलाटावर पार्सलवाले मला ओळखतात. ज्यांना मी जाताना हात हलवून कायमचा निरोप दिला, त्यांच्यासमोर पिशवी घेऊन कुठून उतरू? मी काशीमिऱ्याला हायवेवर जाऊन वापीकडे जाणारी बस पकडली. तलासरीच्या नाक्यावर उतरले तेव्हा डोक्यावरून पदर घेतला होता. मी एरवी पदर घेत नाही.

ताईनं काही विचारलं नाही. ती चहा करत उभी होती, गुडघा ठीकच होता. मी पिशवी ठेवली आणि बोलायला लागले. लिफ्टबद्दल, सुनेच्या नीर डोशाबद्दल, चाचांच्या नानकटाईबद्दल, नाक्यावरच्या खड्ड्याबद्दल. बोलता बोलता तिचं घर झाडलं, डबे पुसले, गव्हाला ऊन दिलं. रात्री ती अंथरुणावर पडून म्हणाली, "कधीपासूनचं साठवलं होतंस ग?" मी भिंतीकडे तोंड केलं.

हे रोज फोन करायचे. पहिला प्रश्न, ताईचा गुडघा कसा आहे. मनापासून विचारायचे. मी सांगायची, आहे तसाच. एकदा म्हणाले, बाबूकडे मोहरीतली हिलसा मासळी केली होती, तुझी आठवण काढत होते सगळे. मी म्हटलं, माझी कशाला आठवण काढतील. ह्यांना ते कळलं नाही.

असा आठवडा गेला, वर काही दिवस गेले. ताईकडे भाजी आणायला मी सोमवारच्या आठवडी बाजारात गेले, गर्दीत कोणी ओळखीचं भेटणार नाही असं वाटलं. तिथंच भेटली. आमच्या आळीत ब्लाऊज शिवणारी, पस्तिशीची. तलासरीच्या एका गुजराती दुकानातून ती अस्तर आणि लेस घाऊक घेऊन जाते, हे मी विसरले होते. मीरा रोडला जाताना माझे सगळे ब्लाऊज तिनंच शिवून दिले होते. फार कमी बोलणारी बाई. माप घेतानासुद्धा नुसतं हातानं वळवायची.

"काकू, तुम्ही?" ती म्हणाली. "कधी आलात?"

मी ताईच्या गुडघ्याचं सांगितलं. तिनं ते खरं मानलं आणि माझा हात धरून मला रसाच्या गाडीमागे सावलीत नेलं. तिच्या नवऱ्याला काशीमिऱ्याजवळच्या गोदामात काम मिळालं होतं. मुलगी दहावीत होती, पुढे सायन्स घ्यायचं म्हणत होती. नवरा तिकडे खोली घेऊया म्हणत होता आणि सासू नको म्हणत होती. हिनं सासूला माझं उदाहरण दिलं होतं. काकू या वयात गेल्या, तर आपल्याला काय झालं.

"तुमच्या भाषणात होते मी," ती म्हणाली. "मागे बसले होते. सासूला ते सगळं सांगितलं, एका जिन्यात सगळा देश. उद्या नवऱ्याला हो किंवा नाही कळवायचंय. तुम्ही खरं सांगा काकू. जाऊ का?"

मागून हायवेचा ट्रक भोंगा वाजवत गेला. तो जाईपर्यंत मी थांबले, पण तो काही फार वेळ पुरला नाही. माझ्याच शब्दांवर ही बाई घर हलवायला निघाली होती. चांगलं आहे म्हटलं तर ते खोटं नव्हतं. वाईट आहे म्हटलं असतं तर मात्र मी त्या बाकावरच्या बायकांवर आळ घेतला असता.

"जागा चांगली आहे," मी म्हटलं. "माणसं तर फारच चांगली. मला जमलं नाही."

तिला समजलं नाही. ती वाट बघत राहिली.

"मला तिथं बोलता येईना. मी रोज त्यांच्यात बसून गप्प राहिले. म्हणून पळून आलेय. ताईच्या गुडघ्याला काही झालं नाही."

पहिल्यांदाच ते मोठ्यानं बोलले, तेही बाजारात. माझे कान गरम झाले. तिच्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून तिच्या हातातल्या लेसच्या गुंडाळीकडे बघत राहिले.

ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्हालाच नाही जमलं, तर मला कसं जमेल?"

"तुला जमेल," मी म्हटलं. "तुला बोलायची सवयच नाही."

त्यावर ती थोडी हसली. मग तिनं मला रस पाजला आणि एसटी पकडायला गेली.

मी त्याच दुपारी ह्यांना फोन करून सगळं सांगितलं. चीक-चीखपासून शांत आंटीपर्यंत. हे ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "मी येतो."

दुसऱ्या दिवशी आले, माझे राहिलेले कपडे घेऊन. ताईनं आम्हाला ओटीवर बसवलं आणि ती आत गेली. मी तयारी करून ठेवली होती, कसं विचारायचं त्याची. पण विचारलं ते सरळच.

"अहो, तुम्हाला तिथं राहायचं होतं का?"

"हो," हे म्हणाले.

मला वाटलं होतं, नाही म्हणतील. मला बरं वाटावं म्हणून तरी. ह्यांना खोटं बोलता येत नाही, हे इतकी वर्षं माझ्या अभिमानाचं होतं.

"पण तू गप्प बसलेली मला नको," हे पुढे म्हणाले. "मला कळायला पाहिजे होतं. चूक झाली."

ह्यांनीच माफी मागावी, याच्याइतकी लाज मला भाषणाचीसुद्धा वाटली नव्हती.

घोलवडला पोहोचलो तेव्हा पुतणसून माझ्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. डबे तिनं तिच्या सोयीनं लावले होते, खिडकीला निळा पडदा लावला होता, भिंतीवर तिच्या मुलांनी काढलेली चित्रं चिकटवली होती. तिला आदल्या रात्री ताईकडूनच फोन केला होता. आम्ही हात धुऊन बसेपर्यंत तिनं मुलांची दप्तरं उचलून मागच्या खोल्यांत नेली. मी म्हटलं राहू दे, आम्ही मागे राहतो. ती म्हणाली, असं कसं काकू. आवाजात राग नव्हता. संध्याकाळी ती चित्रं उतरवत होती तेव्हा भिंतीचा रंग थोडा निघाला, तर तीच म्हणाली, चुकलं माझं. पडदा मी तिला काढू दिला नाही. तो अजून तिथंच आहे.

मंडळात मी पुष्कळ दिवस गेले नाही. भेटायला आलेल्या बायकांनी तब्येत विचारली, मुलाची खुशाली विचारली. शहराबद्दल एकीनंही विचारलं नाही. त्यांनी ठरवून टाळलं होतं हे उघड दिसत होतं. टोमणे मारले असते तर मी उलट बोलले असते, मला ते येतं.

मुलाच्या शेजारची ती जागा मालकानं दुसऱ्यांना विकली. काही आठवडे मुलाचे फोन तुटक होते. हे परत झाडांत जायला लागले. दुपारी ओटीवर बसायचे तेव्हा बोटं गुडघ्यावर सोंगटी मारल्यासारखी हलायची. एकदा चाचांचा फोन आला. हे 'हां जी' म्हणाले आणि मग कितीतरी वेळ दोघं फोन कानाला लावून नुसते होते. फोन ठेवल्यावर मी ह्यांची पिशवी भरली. पहिल्यांदा हे नको नको म्हणाले. आता महिन्यातले सात-आठ दिवस मुलाकडे असतात. पार्सलवाले विचारतात, काका एकटेच निघाले? मी सांगते, हो, मला तिकडे जमलं नाही. सुरुवातीला तोंडातून निघायचं नाही, आता निघतं.

ब्लाऊज शिवणारी मात्र गेली. मुलाच्या इमारतीपासून दोन गल्ल्या पलीकडे खोली घेतली. ह्यांच्याकडून कळत राहिलं की तिनं मशीन नेलं, की बंगाली बाबूच्या बायकोनं तिला गिऱ्हाइकं लावून दिली.

यंदा उन्हाळ्यात नातवाच्या बारशासाठी मीही गेले. संध्याकाळी बाकावर जायचं नाही असं ठरवलं होतं, पण केरळची बाई वर येऊन घेऊनच गेली. इतके दिवस कुठं होतात, म्हणून रागावली. बाकावर मधोमध आमची ब्लाऊजवाली बसलेली. ती एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत होती. माप दिल्यावर महिनाभर डाएट करून आलेली बाई आणि अंगात ढगळ झालेला ब्लाऊज. तिची हिंदी माझ्यापेक्षा वाईट होती. 'ब्लाऊज इतनी बडी हो गयी', 'वो बाई रोने को लगा', मध्येच मराठी, मध्येच गुजराती, शब्द अडला की ती उठून हातांनी दाखवायची. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. तिला चुकांचं काही नव्हतं. माप घेताना तोंड न उघडणारी ती बाई.

मीही हसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते हसण्याचं आहे असं सगळ्यांना वाटलं. मला तिथं बोलता येत नव्हतं, असं मी ताईला, ह्यांना, मुलाला, पार्सलवाल्यांना सांगत आले होते. बोलता मलाही येत होतं. मोडकंतोडकं बोलायला मी तयार नव्हते, एवढंच.

"काकू, तुम्ही ती सुरतवाल्याची सांगा ना," ती मराठीत म्हणाली. तिनं ती आळीत कधीतरी ऐकली असणार. सगळ्या माझ्याकडे वळल्या.

मी नाही म्हणून मान हलवली. पुढच्या वेळी, म्हटलं. बंगाली बाबूची बायको म्हणाली, रहने दो, आंटी शांत हैं. आणि तिनं माझ्यासाठी जागा मोठी केली.

बारसं झाल्यावर दुसऱ्या सकाळी मी घोलवडला परत आले. हे आणखी आठवडाभर राहिले.